मार्नी हावरिलुकचं दोन तुकड्यांचं यंत्र

मार्नी हावरिलुकला कुठला प्रश्न विचारायचा नाही, हे आमच्या प्लोव्हर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिच्या टॅब्लेटकडे बोट दाखवून "हे नक्की काय आहे गं, लॅपटॉप की टॅब्लेट?" असं कुणी म्हटलं की ती मान वर न करता म्हणते, "आणि तू नक्की काय आहेस?"

विचारणारा तिथेच अडकतो. कारण आमच्या गावात कुणीच एक काहीतरी नाही. सस्कॅचवनच्या सपाट माळावर इतक्या लहान वस्तीला एका माणसाने एकच काम करणं परवडतच नाही. पोस्टातली बाई आग लागली की बंबाची गाडी चालवते. शाळेचे मुख्याध्यापक मधमाश्या पाळतात, शिवाय कुणी गेलं की चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. ग्लेन फेन्स्की ट्रॅक्टर विकतो, नगर समितीत बसतो, कर्लिंग या बर्फावर दगड घसरवायच्या खेळाच्या क्लबचा अध्यक्ष आहे आणि डिसेंबर लागला की पोटाला उशी न बांधता सांताक्लॉज होतो. या शेवटच्या कामाचा त्याला फार अभिमान आहे, आणि उशी लागत नाही याचा त्याहून जास्त.

मार्नीचं म्हणाल तर ती सकाळी शाळेची बस चालवते, दुपारी नगर कार्यालयात पाणीपट्टी आणि कुत्र्यांचे परवाने बघते, आणि बर्फाच्या मोसमात कर्लिंग क्लबचा बर्फ तिच्या ताब्यात असतो. बर्फ 'बनवावा' लागतो हे ज्यांना पटत नाही त्यांनी तिच्यासमोर तसं म्हणून बघावं. आधी पाण्याचे पातळ थर, मग पांढरा रंग, मग दगड जिथे थांबवायचे ती मोठी वर्तुळं, मग रेघांसाठी ताणलेले लोकरीचे धागे, मग पुन्हा स्वच्छ पाणी. एका जरी थरात घाई केली तर अख्खा हिवाळा वीस किलोचा गुळगुळीत दगड सरळ सोडला तरी भलतीकडे जातो, आणि खेळणारे स्वतःच्या हाताला सोडून मार्नीला शिव्या घालतात. मी तिच्या संघात पहिले दोन दगड टाकतो. पहिले दगड टाकणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मीही ते सांगायच्या भानगडीत पडत नाही.

तिच्या आधी बर्फ तिचे वडील मेट्रो हावरिलुक बनवायचे. ते दर वर्षी दुसऱ्या पट्टीच्या, म्हणजे दगड सोडायच्या लांब मार्गाच्या, मधोमध, बर्फाच्या पोटात, गव्हाची पेंढी रंगवायचे. दर वर्षी तीच पेंढी. ते गेल्यावर मार्नीने पहिल्याच मोसमात तिथे रंगवली दात विचकणारी गोफर, म्हणजे आमच्या शेतांत बिळं करणारी खार. गावात दोन तट पडले. पुढल्या वर्षी तिने बिघडलेली बस रंगवली. तेव्हापासून ऑक्टोबरमध्ये 'या वर्षी बर्फात काय' ही गावातली मोठी चर्चा असते, कारण त्या महिन्यात दुसरं काही घडत नाही.

हे यंत्र तिने सॅस्काटूनला दात काढायला गेली तेव्हा घेतलं. दाताची कळ विसरायला म्हणून दुकानात शिरली, असं ती सांगते. पातळ काळी पाटी, मागे उघडणारा टेकू, लोहचुंबकाने चिकटणारा कीबोर्ड आणि एक पेन. तिथल्या विक्रेत्या पोराने तिला विचारलं, "कामासाठी हवाय, चित्रांसाठी की गेमसाठी?" मार्नी म्हणाली, "हो."

आता खरं सांगायचं तर त्या यंत्राच्या खोड्या होत्या, आणि त्या मार्नीला आमच्यापेक्षा जास्त माहीत होत्या. कार्यालयात टेबलावर ते शहाण्यासारखं वागायचं. पण बसच्या सीटवर मांडीवर घेतलं की टेकू मांडीत रुतायचा आणि कीबोर्ड पोळपाटासारखा डुगडुगायचा. चित्र काढायला मात्र त्याला तोड नव्हती. आमच्याकडच्या थंडीत उघडं बोट बाहेर काढायचं म्हणजे ते परत मिळेल याची खात्री नाही. पेन जाड हातमोजे घालूनही चालायचं. गेमचं म्हणाल तर मार्नी रणगाड्यांचा खेळ खेळते. एक फिनलंडमधली नर्स, एक ब्राझीलचा दंतवैद्य आणि एक ओहायोतला निवृत्त पोलीस असा तिचा कंपू आहे, आणि ते तिला 'कॅप्टन' म्हणतात. त्या पातळ पाटीला रणगाडे झेपावेत म्हणून तिने खेळातली सगळी शोभा बंद करून टाकली होती. झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसायची, आकाश सपाट करडं. "आमच्याकडे आकाश तसंच असतं," ती म्हणायची. एवढं करूनही यंत्र तापायचं, त्यातला पंखा घोंघावायचा, आणि शाळा सुटायची वाट बघत उभ्या असलेल्या पिवळ्या बसमधून ओरडणं ऐकू यायचं, "डावीकडून ये रे गाढवा! डावीकडून! दात उपटतोस की काय करतोस?"

ग्लेनला हे सगळं खुपायचं. क्लबच्या काउंटरवर कोपर टेकून तो सुरू व्हायचा.

"मार्नी, धड लॅपटॉप नाही, धड टॅब्लेट नाही. माझ्या दुकानात कुणी अर्धा ट्रॅक्टर आणि अर्धं कापणी यंत्र मागितलं तर मी त्याला घरी पाठवीन."

"पाठव की. तो घरी जाऊन दोन्ही कामं करेल."

"कामाला एक घे. चित्राला कागद घे. आणि खेळ नातवंडांना खेळू दे."

"मला नातवंडं नाहीत ग्लेन. म्हणून तर मला स्वतःलाच खेळावं लागतं."

हे रोजचंच होतं. रुसवा कुणालाच नव्हता. मग त्या सप्टेंबरात बातमी आली की जानेवारीतली विभागीय स्पर्धा आमच्या क्लबला मिळाली, आणि ग्लेन बदलला. यॉर्कटनपासून संघ येणार, त्यांच्या मागे त्यांची माणसं येणार. क्लबच्या समितीच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला की यंदा बर्फात चित्र नको. हल्ली छापील कापड मिळतं, ते बर्फाच्या थरात घालून वर पाणी सोडायचं की झालं. त्यावर त्याच्या कंपनीचा हिरवा ट्रॅक्टर असेल. कंपनी कापड फुकट देते.

"कापड?" मार्नी म्हणाली. "माझ्या बर्फात?"

"क्लबच्या बर्फात."

"मग क्लबने बनवावा."

समितीत सहा माणसं आहेत. त्यांची नावं देत नाही, कारण ती सगळी ग्लेनकडे बघून हात वर करतात. पण बर्फ बनवायचा म्हटल्यावर ती ग्लेनकडे बघेनात, बुटांकडे बघायला लागली. शेवटी तोडगा निघाला. ऑक्टोबरातल्या थॅंक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी चर्च सुटलं की समिती शेडमध्ये येईल. तोवर चित्र बर्फावर पुरं असलं आणि पाहुण्यांसमोर शोभण्यासारखं असलं, तर चित्र. नाहीतर ट्रॅक्टर. आणि एकदा तिथे ट्रॅक्टर शिरला की तो तिथेच राहणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. फुकट मिळालेली वस्तू आमच्या गावातून परत जात नाही.

मार्नी बाहेर आली तेव्हा मी गाडीपाशी होतो. म्हणाली, "बापाची पेंढी मी काढून टाकली. ते कापड घालू देईन की काय?"

चित्र काय ते तिने कुणाला सांगितलं नाही. मला दाखवलं, ते मी तिच्या बसचा मागला दरवाजा दुरुस्त करत होतो म्हणून. पाटीवर चार बायका होत्या. डोक्याला जाळी, अंगाला एप्रन, हातात कर्लिंगचे झाडू. दगड लांब जावा म्हणून घासतात तसा चौघी जिवाच्या आकांताने बर्फ घासत होत्या आणि त्यांच्या पुढे दगडाऐवजी घसरत चालली होती एक भली मोठी पिरोगी. पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली उकडलेली करंजीच, वर परतलेला कांदा. आमच्या क्लबला जे काही नाव आहे ते खेळाने मिळालेलं नाही, या पिरोग्यांनी मिळालेलं आहे. आणि चौघींमधली सर्वांत पुढची, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि तोंड उघडं, म्हणजे हुबेहूब स्टेफा.

स्टेफा क्लबच्या स्वयंपाकघराची मालकीण. तसं तिला कुणी नेमलेलं नाही. सगळे तिला टेटा म्हणतात, म्हणजे मावशी. आजूबाजूच्या तीन गावांतल्या युक्रेनी घरांची ती टेटा, आणि जर्मन घरांचीही, कारण भूक लागली की कुणी नातं तपासत नाही.

"टेटाला माहीत आहे?" मी विचारलं.

"बर्फ गोठला की कळेल."

समिती यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मार्नी शेडमध्ये प्लायवुडच्या फळीवर पोट टेकून पडली होती. पांढऱ्या बर्फावर तिने दोऱ्यांचे चौकोन ताणले होते, तसेच चौकोन पाटीवरच्या चित्रावर होते, आणि एकेक चौकोन बघत ती खाली उतरवत होती. कीबोर्ड तिने काढून स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर ठेवला होता, रंग उडेल म्हणून. तीन बायका पुऱ्या झाल्या होत्या. स्टेफाचा एप्रन ओला होता, त्यावर पाण्याचा फवारा मारून तो पक्का करायचा राहिला होता.

आता एक गोष्ट सांगतो, जी तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आली नसती. आमची शेड जुनी, पत्र्याची. थंडीत यंत्राची बॅटरी मान टाकते, चांगली अर्धी भरलेली असताना पटकन बंद पडते. त्यावर मार्नीने उपाय काढला होता. चित्राच्या मागे ती रणगाड्यांचा खेळ चालू ठेवायची. आपला रणगाडा एका टेकडीमागे नेऊन उभा करायचा आणि सोडून द्यायचा. यंत्र आतून गरम राहायचं, बॅटरी शुद्धीत राहायची. "गेमला नावं ठेवतात," ती म्हणायची, "पण आमच्या कामाची शेगडी तीच आहे." सहसा ती पाटी फळीवर आपल्या कोपरापाशी ठेवायची. त्या दिवशी शेवटचा चौकोन नीट दिसावा म्हणून तिने ती थेट बर्फावर टेकवली, आडवी, टेकू मिटून.

तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"मार्नी! मुरड घालायला हात कमी पडतायत!"

"टेटा, रंग ओला आहे!"

"पीठ पण ओलं आहे! ते कुणासाठी थांबत नाही!"

स्पर्धेसाठी पिरोग्या करून गोठवून ठेवायचा तो दिवस होता. अशा दिवशी स्वयंपाकघराने हाक मारली की जायचं असतं. आमच्याकडे लोक लग्न टाळतात, कोर्टाची तारीख टाळतात, पण पिरोग्यांना नाही म्हणत नाहीत. मीही तिथेच कांदा चिरत होतो. मार्नी पाच मिनिटांसाठी आली, बाह्या सावरल्या, बसली. मग गप्पा निघाल्या. कुणाची सून पिरोग्या विकत आणते, यावर पाच मिनिटांत बोलून संपत नाही.

आम्ही परत गेलो तेव्हा पाटी बर्फावर नव्हती. बर्फात होती. रणगाड्याने टेकडीमागून अख्ख्या दुपारचा उबारा दिला होता, आणि यंत्राने आपल्या मापाचा चौकोनी खड्डा करून त्यात अंथरूण घातलं होतं. मग बॅटरी संपली, यंत्र गार झालं आणि भोवतीचं पाणी गोठून त्याला पांघरूण मिळालं. स्टेफाचा एप्रन वितळून निळा-गुलाबी ओघळ झाला होता आणि कमरेखाली ती कुठे संपते ते कळत नव्हतं.

मार्नी खड्ड्यापाशी वाकून बघत राहिली. बोलला ग्लेन. तो स्पर्धेच्या खुर्च्या मोजायला आला होता आणि आमच्या मागे उभा होता.

"झालं?" तो म्हणाला. "तीन कामं एकाला सांगितली की हे असं होतं."

कर्लिंगमध्ये पंच नसतो म्हटलं तरी चालेल. चालत्या दगडाला तुमचा झाडू चुकून लागला, म्हणजे आमच्या भाषेत तुम्ही दगड जाळला, आणि कुणी पाहिलं नाही, तरी तुम्हीच हात वर करून सांगायचं असतं. लहानपणापासून हेच शिकवलेलं. न सांगणाऱ्याबरोबर पुढे कुणी खेळत नाही. मार्नीने हात वर केला. खरंच वर केला, शाळेतल्यासारखा.

"माझी चूक. मी ठेवलं तिथे."

"यंत्र..."

"यंत्राला हातपाय नाहीत ग्लेन. ते आपणहून बर्फावर जाऊन झोपलं नाही. मी जाळला दगड, मी सांगितलं. आता बाजूला हो."

"उद्या समिती येतेय. कापड दुकानात येऊन पडलंय."

"पडू दे. बरं पडलंय."

मूळ चित्र त्या यंत्रातच होतं, दुसरीकडे कुठेही नाही, हे ग्लेनला माहीत नव्हतं. मला होतं. मार्नीचा चेहरा त्या पांढऱ्या रंगाशी मिळताजुळता झाला होता.

पहारीने उचकटायचं सुचवणारा मीच होतो, हे कबूल करायला हरकत नाही. मार्नीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कांद्याकडे गेलो. शेवटी स्टेफाने आपली गरम पाण्याची पिशवी आणून दिली, कंबरेला शेकायची, फुलाफुलांच्या कापडाची. ती पाटीवर ठेवून मार्नी शेजारी पालथी पडून राहिली, आजाऱ्यापाशी बसावं तशी. पाटी सुटली. स्टेफाने ती स्वयंपाकघरात नेऊन ओव्हनच्या वर, टॉवेलवर, पिरोग्यांच्या रांगेत ठेवली.

"मधूनमधून उलटव," ती म्हणाली. "नाहीतर चिकटेल."

"टेटा, ती पिरोगी नाही."

"सगळं सारखंच वाळतं."

रविवारी उजाडताच मी गेलो तेव्हा मार्नी ओव्हनसमोर स्टुलावर होती. यंत्राला वायर जोडलेली. पडदा उजळला होता, एका कोपऱ्यात ढगासारखा डाग, पण उजळला होता. तिने बोट लावलं. काही नाही. पेन लावलं. काही नाही. पुन्हा दाबलं, चोळलं, शिवी दिली. पडदा नुसता बघत होता.

"स्पर्श मेला," ती म्हणाली. "पेनही मेलं."

मला वाटलं संपलं. ती उठली, फ्रिजवरून कीबोर्ड काढला, त्यावरचं पीठ फुंकलं आणि पाटीच्या कडेला लावला. टक् आवाज झाला. बाणाची कळ दाबली तशी पडद्यावर काहीतरी हललं. अजून एकदा. चित्राच्या नावावर गेली, कळ दाबली, आणि चौघी बायका झाडू घेऊन समोर उभ्या राहिल्या.

मार्नी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली.

"एकाच तुकड्याचं असतं तर?" ती म्हणाली. "तू सांग ना. ग्लेनच्या दुकानातल्यासारखं, एकच धड काहीतरी, तर काल अख्खं मेलं असतं. हा अर्धा फ्रिजवर होता म्हणून वाचलं. आता म्हण अर्धं."

मी काहीच म्हटलेलं नव्हतं. पण अशा वेळी समोर जो असतो त्याला ऐकावं लागतं.

खड्ड्यात तिने थोडं थोडं पाणी सोडलं, ते गोठून बरोबर सपाट झालं. डाग मात्र राहिला. कडा पट्टीने आखल्यासारख्या, आत निळा-गुलाबी चिखल, स्टेफाच्या पायाशी. तो घालवायचा तर पांढऱ्या रंगापासून सुरुवात, आणि तेवढा वेळ नव्हता. मार्नी त्याच्याकडे बघत उकिडवी बसली. मग काळ्या रंगात ब्रश बुडवला. डागाला चौकट काढली. मागे टेकू काढला. पुढे, अंमळ वेगळा ठेवलेला, कीबोर्ड. आणि स्टेफाचा एक पाय उचलून तिने त्या यंत्रावर टेकवला, नेम धरताना कर्लिंगचा खेळाडू पाय रोवून उभा राहतो तसा.

चर्च सुटलं. समिती आली, रविवारच्या कपड्यांत, बर्फावर जपून पावलं टाकत. पाठोपाठ स्टेफा, हातात पळी. ग्लेन मध्ये उभा राहिला आणि खाली बघू लागला. आधी त्याला पिरोगी दिसली. मग चौघी. मग चौकट.

"हे," तो म्हणाला, "हे मला चिडवायला काढलंयस."

"हो."

"पाहुणे काय म्हणतील?"

"ते जेवायला येणार आहेत ग्लेन. जे खाणार तेच दिसेल."

स्टेफाने चष्मा वर केला, खाली केला. "ही मी आहे?"

मार्नीने पहिल्यांदाच नजर वळवली.

"माझी कंबर एवढी?"

"टेटा, तिथे रंग ओघळला होता..."

"आणि पायाखाली काय घेतलंय मी?"

"माझं यंत्र."

स्टेफाने विचार केला. "काल रात्रभर त्याने माझा ओव्हन अडवला होता," ती म्हणाली. "पाय ठीक आहे तिथे."

ग्लेनने घसा साफ केला. तो वाईट माणूस नाही, फक्त त्याला शेवटचं बोलायची सवय आहे. "मुद्दा चित्राचा नाही. मुद्दा असा की काल हिच्या त्या खेळण्याने अख्खी पट्टी घालवली असती. क्लबला भरवशाचं काहीतरी पाहिजे. एक काम, एक वस्तू. कापड वितळत नाही."

मार्नी उठून उभी राहिली. गुडघ्यांवर पांढरे डाग, नाकावर काळा.

"बरं. एक काम, एक वस्तू. मान्य. तू ट्रॅक्टर विकतोस, नगर समितीत बसतोस, इथे अध्यक्ष आहेस आणि सांताक्लॉज होतोस. त्यातलं एक ठेव. बाकीची आत्ता, या सहा जणांसमोर, सोड. मी हे यंत्र कचऱ्यात टाकते आणि तुझं कापड स्वतः अंथरते."

"हे काय भलतंच..."

"एक ठेव ना. ट्रॅक्टर ठेव. धंदा आहे. सांता मुख्याध्यापकांना देऊ. त्यांना उशी बांधू."

ग्लेनचे कान लाल झाले. मुख्याध्यापक काठीसारखे आहेत, आणि गेल्या वर्षी ग्लेन आजारी पडला म्हणून ते सांता झाले तेव्हा एका मुलीने त्यांची दाढी ओढून काढली होती. ते ग्लेनला अजून सहन होत नाही.

"सांता मी सोडणार नाही," तो म्हणाला. फार हळू म्हणाला.

"मी तरी कुठे सोडायला सांगतेय? तू तिन्ही चांगली करतोस. ट्रॅक्टर सोडून."

कुणीतरी फिसकन हसलं. सहाही जणांनी ग्लेनकडे पाहिलं, हात वर करायचा की नाही ते बघायला. ग्लेन बर्फाकडे बघत होता. मग त्याने हात वर केला, खांद्याइतकाच, टॅक्सी थांबवायची की नाही ते ठरलं नसल्यासारखा. सहा हात त्याच्या मागे वर गेले. स्टेफाने पळी वर केली. तिला मत नाही, पण हे तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी मार्नीने चित्रावर पाण्याचे थर सोडायला सुरुवात केली. हातात पाइप घेऊन ती मागे मागे चालत होती, आपल्या पावलांचा ठसा राहणार नाही अशी. चौघी बायका आणि पिरोगी हळूहळू काचेखाली गेल्या. यंत्रही गेलं.

खरं यंत्र तिच्याकडे अजून आहे. कार्यालयात पाणीपट्टी त्यावरच होते. रणगाडेही त्यावरच चालतात, माउस जोडून. ओहायोचा पोलीस म्हणतो की कॅप्टनचा नेम उलट सुधारला. चित्र मात्र आता त्यावर निघत नाही. ती सुताराच्या पेन्सिलीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढते आणि वैतागते. ग्लेनने एकदा नवीन घ्यायला सुचवलं, अख्खं, चांगलं. मार्नी म्हणाली, "तुझ्या डाव्या गुडघ्यात लोखंड आहे. तुला नवीन ग्लेन सुचवला का कुणी?"

जानेवारीत यॉर्कटनचे लोक आले. दगड टाकायचं सोडून निम्मे जण आधी दुसऱ्या पट्टीवर वाकून उभे. त्यांची कर्णधार, उंच, कडक बाई, बर्फातल्या चौकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा लॅपटॉप आहे की टॅब्लेट?"

मार्नीने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही काय करता?"

"मी? नर्स आहे. शिवाय मेंढ्या आहेत. आणि लग्नात अकॉर्डियन वाजवते."

"मग तुम्हाला कळेल," मार्नी म्हणाली, आणि तिला जेवायला घेऊन गेली.

स्वयंपाकघराच्या मोठ्या खिडकीला आमच्याकडे कधी पडदा नव्हता. संध्याकाळचं ऊन थेट पिरोग्यांवर यायचं. त्या दिवशी पाहुणे जेवायला बसले तेव्हा खिडकीवर एक मोठा हिरवा ट्रॅक्टर होता, छापील, चकचकीत, खालच्या कडेला स्टेफाने हाताने मुरड घालून शिवलेला. वारा आला की ट्रॅक्टर हलायचा. कापड उत्तम दर्जाचं निघालं, ऊन अजिबात येऊ देत नव्हतं. ग्लेन त्याच्याकडे पाठ करून बसला होता आणि तिसऱ्यांदा पिरोग्या वाढून घेत होता.